शंकरपटातला दोन दिवसांचा स्टॉल: गर्दी नाही, वेळ मोजा

व्हिडिओत हिशोब घाईघाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

फॅमिली घेऊन कार रेसिंगच्या ट्रॅकवर शनिवार-रविवार घालवायचा, तर आपल्याला चेन्नई, कोइम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडा गाठावं लागेल. तिथल्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया म्हणजे आपल्या झाडीपट्टीत मात्र ट्रॅक गावातच असतो. शंकरपट! बैलजोड्या पळतात, लेकी-जावई, मामा-मावश्या मुक्कामाला येतात, आणि रात्री नाटक. कित्येक सोयरिकी याच दोन दिवसांत जुळतात. धान निघाल्यावर हातात थोडा पैसा असतो, म्हणून हंगामही हिवाळ्याचाच.

आता नवीन माणूस काय समजतो? हजारो लोक येणार, म्हणजे माल खपणारच. इथेच गडबड होते. जोडी सुटायची असते तेव्हा सगळ्यांच्या माना दाणीकडे. धुरकरी जोडी जुंपून उभा आहे आणि कोणी आलूबोंडा मागतोय, असं होत नाही. विक्री होते ती मधल्या खंडात, जेवणाच्या सुट्टीत, आणि खरी म्हणजे पट संपल्यापासून नाटकाची घंटा होईपर्यंत. नाटक बहुतेक पहाटेपर्यंत चालतं, त्यामुळे मध्यरात्रीनंतर चहाची एक वेगळी लाट येते. हे सगळं जोडलं तरी जोरदार विक्रीचे तास दिवसाला चार-साडेचारच धरा.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका. जागाभाडे 1,000, गाडीभाडे 1,500, एका मदतनिसाची दोन दिवसांची मजुरी 1,000, मंडप आणि लाईट 500. झाले 4,000. आलूबोंड्याची प्लेट 20 रुपयांना. बेसन, आलू, तेल, गॅस, कागदी प्लेट मिळून 12 रुपये. उरले 8. म्हणजे 4,000 भागिले 8, 500 प्लेटा विकल्या की फक्त खर्च निघाला. खिशात अजून एक रुपया नाही.

बरं, तुम्ही आणि वहिनी दोघं दोन दिवस राबलात, त्याचे काय? घरच्या माणसाची मजुरी शून्य धरणं ही आपल्या छोट्या धंद्यातली सगळ्यात जुनी सवय आहे. दोघांचे रोजचे 500 धरा, 2,000 रुपये. त्यासाठी आणखी 250 प्लेटा. एकूण 750, दिवसाला 375.

आता कढईकडे बघा. एका घाण्यात 30 बोंडे, म्हणजे 15 प्लेटा, आणि एका घाण्याला 10 मिनिटं. 375 प्लेटांना 25 घाणे, म्हणजे 250 मिनिटं, चार तासांपेक्षा जास्त. आपला विक्रीचा वेळ तेवढाच! गर्दी दुप्पट झाली तरी तुमची कढई दुप्पट होत नाही. मग नफा वाढवायचा कसा? ज्याला तळावं लागत नाही अशा वस्तूंनी. चहा, फुटाणे, मुरमुऱ्याचे लाडू, पोरांसाठी फुगे. लाडू उरले तर घरी आणता येतात, भिजवलेलं बेसन आणता येत नाही.

खर्रा ठेवू का, असं हमखास विचारलं जातं. नाही. सुगंधित तंबाखू-सुपारीवर राज्यात बंदी आहे, आणि ज्या बाया पोरांचा हात धरून येतात, त्यांचं गिऱ्हाईक तुम्ही घालवाल. खाण्याचा स्टॉल असेल तर एफएसएसएआयची छोट्या विक्रेत्यांची नोंदणी आधीच करून घ्या.

सुट्टे पैसे भरपूर ठेवा. जंगलाच्या गावात आधीच टॉवर जेमतेम, त्यात एवढे मोबाईल एकाच वेळी सुरू, क्यूआर कोड नुसता लटकून राहतो. आणि रात्री सामान लादून जंगलातून परत निघू नका. वाघ काही आपल्या टाईमटेबलवर चालत नाही. मुक्काम धरूनच खर्च मांडा.

सगळ्यात मोठी जोखीम मात्र तुमच्या हातात नाही. मे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या 2022 मध्ये लम्पी आला तेव्हाही निर्बंध लागले. आजही प्रशासनाची परवानगी नसेल तर पट होत नाही, आणि जोडीला मारझोड केली तर आयोजकच अडचणीत येतात. म्हणून फक्त पटासाठी म्हणून कर्ज काढून मोठी कढई, मोठा तंबू घेऊ नका. जे सामान मंडईत, आठवडी बाजारात, लग्नातही चालेल तेवढंच विकत घ्या, बाकी भाड्याने.

जागेचा ॲडव्हान्स देण्याआधी आयोजकांना दोनच प्रश्न विचारा: परवानगीचा कागद हातात आला का, आणि पट रद्द झाला तर ॲडव्हान्स परत मिळेल का? दुसऱ्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून, सही करून घ्या. आयोजक ओळखीचे असले तरी.