परक्या गाडीचें चाक

नाशिक जिल्ह्यांत द्राक्षमळ्यांच्या वाटांवर जुन्या जीप गाड्या अद्यापि दृष्टीस पडतात. महिंद्र कंपनीनें १९४७ पासून विलिज जीपचे भाग परदेशांतून आणवून गाड्या जोडण्यास आरंभ केला, व पुढें तिचा मोठा कारखाना आमच्या सातपुरासही झाला. त्यामुळें ह्या गाडीविषयीं येथें विशेष आपुलकी आहे. तिचीं अरुंद सोळा इंची चाकें काढून मारुती जिप्सीचीं रुंद पंधरा इंची चाकें बसवावीं, असें पुष्कळांच्या मनांत येतें. कांहीं विद्यार्थ्यांनीं हाच प्रश्न आम्हांस विचारिला. नुसतें ‘बसतात’ एवढें उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं; कारण सप्तशृंगीचा घाट उतरतांना चाक निखळलें, तर आंत बसलेल्या माणसांचें काय होईल हें सांगावयास नको.

प्रथम भोकांचा विचार करूं. चाक तुंब्यावर, म्हणजे मिस्त्री ज्यास हब म्हणतात त्यावर, नटांनीं आवळलेलें असतें. ह्या नटांच्या भोकांचे मध्यबिंदु एका वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाचा व्यास आणि भोकांची संख्या हीं दोन्ही जुळलीं पाहिजेत. चार भोकें असतील तर समोरासमोरच्या दोहोंच्या मध्यांतील अंतर मोजलें कीं व्यास मिळाला. परंतु जीपला भोकें पांच. कोणत्याही भोकासमोर दुसरें भोकच नाहीं! येथें वर्गांतील भूमिति कामास येते. लगतच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर घ्या. तें केंद्राशीं ७२ अंशांचा कोन करणारी जीवा होय. म्हणून तें व्यास गुणिले ३६ अंशांची ज्या, म्हणजे व्यासाच्या ०·५८८ पट असतें. जीपवर हें अंतर सुमारें ८२·१ मिलिमीटर भरतें. भागाकार करा, व्यास जवळजवळ १३९·७ मिलिमीटर, म्हणजे साडेपांच इंच येतो. जिप्सीचेंही माप तेंच, व भोकेंही पांचच.

सर्वत्र असा योग नसतो. फियाट पॅलियोला चार भोकें व ९८ मिलिमीटरांचें वर्तुळ. मारुती स्विफ्टला चार भोकें व १०० मिलिमीटरांचें. दोन मिलिमीटरांनीं काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. प्रत्येक बोल्ट एकेक मिलिमीटर बाजूस पडतो, तिरपा आवळला जातो, त्याची निमुळती बाजू भोकाच्या कडेस सर्वत्र टेकत नाहीं, आणि रस्त्याच्या धक्क्यांनीं तो सैल होतो किंवा तुटतो. मुळींच न बसणारें चाक मिस्त्री परत पाठवितो. भय आहे तें जवळजवळ बसणाऱ्या चाकाचें.

जीपकडे वळूं. विलिजचे स्टड अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२·७ मिलिमीटरांचे; जिप्सीचे १२ मिलिमीटरांचे. म्हणून चाक जिप्सीचें घेतलें तरी तिचे नट घेऊं नयेत. नट जीपच्या आट्यांचे, पण त्यांचा उतार नव्या चाकाच्या भोकांशीं जुळणारा, असे पाहून घ्यावे. शिवाय जुन्या विलिजच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. हें ठाऊक नसलेला मनुष्य पान्यावर उभा राहून नट काढूं जातो, आणि स्टडच तोडून बसतो! तुंब्याचा पुढें आलेला भाग चाकाच्या मधल्या भोकांतून मोकळा जातो कीं नाहीं, आणि सुकाणू दोन्हीकडे पूर्ण वळविल्यावर टायर पाट्यांना घासतो काय, हेंही पाहावें.

आतां थोडें गणित. जीपच्या ६·००-१६ टायरचा व्यास ढोबळ मानानें २८ इंच, म्हणजे ७११ मिलिमीटर. जिप्सी किंगच्या २०५/७० आर १५ टायरचा सुमारें ६६८. म्हणजे गाडी जमिनीकडे २१ मिलिमीटर खालीं येते, आणि वेगमापक ५० दाखवीत असतां खरा वेग ४७ असतो.

प्रसंगवशात् एक गंमत. आपण जादा चाकास ‘स्टेपनी’ म्हणतों, तें नांव वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावरून आलें. तेथील डेव्हिस बंधूंनीं १९०४ च्या सुमारास हवा भरलेल्या टायरसह एक आऱ्यांवांचून कडें तयार केलें. टायर फुटला कीं तें मूळ चाकाच्या बाजूस पकडींनीं अडकवावयाचें. परंतु तें घरीं पोहोंचण्यापुरतें होतें.

गाडीच्या मूळ तपशिलांत बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत निर्बंध आहेत, तेव्हां परिवहन कार्यालयांत आधीं विचारावें. तसेंच २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीस ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळूं शकते; म्हणून काढलेलीं जुनीं चाकें भंगारांत न देतां तेल लावून ठेवावीं. नवीं चाकें बसविल्यावर शंभर किलोमीटरांच्या आंत नट पुनः आवळावे, आणि ते ओळीनें नव्हे, तर पाटीवर पांच टोकांची चांदणी हात न उचलतां काढतों त्या क्रमानें.