वरचं पाणी, खालचं पाणी

बंगळुरूत संप म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. घराच्या अंगणाखाली किंवा पार्किंगखाली तो असतोच. कावेरीचं नाहीतर टँकरचं पाणी त्यात उतरतं आणि मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढतं. माशांच्या टँकखालच्या कपाटात दडलेला संप हा त्याचाच धाकटा भाऊ. फरक इतकाच, की इथे वर चढलेलं पाणी रात्रंदिवस पुन्हा खाली येत असतं. नवीन टँक मांडणारे हटकून विचारतात, वर जाणारं आणि खाली येणारं पाणी सारखं कसं ठेवायचं? इथल्या फ्लॅटमध्ये बरीच वर्षं टँक सांभाळून जे हाती लागलं, ते मांडतो.

१. सारखं ठेवायच्या फंदात पडू नये. ओव्हरफ्लो म्हणजे टँकमधला दातेरी काठाचा डबा; त्याच्या दातांवरून पाणी आपल्या वजनाने खाली पडतं. पंपाने जास्त चढवलं, तर दातांवरचा थर काही मिलिमीटर जाड होतो आणि जास्त पडतं; कमी चढवलं तर थर पातळ. दोन्ही बाजूंचा मेळ आपोआप बसतो, तिथे आपलं काही काम नाही. खाली पाणी ओढायला दुसरा पंप लावण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. ती सोडून द्यावी. ताशी १,००० लिटरच्या दोन पंपांत एका टक्क्याचा फरक असला, तरी तासाला १० लिटर पाणी भलतीकडे साठत जातं आणि सकाळी ते फरशीवर भेटतं.

२. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी चार फूट वर चढवायचं, वाटेत दोन-तीन एल्बो, म्हणजे तो आकडा बराच उतरतो. मी परतीच्या, म्हणजे पंपाकडून वर टँकमध्ये येणाऱ्या पाइपाचं तोंड २० लिटरच्या बादलीत धरून वेळ मोजतो. ५० सेकंदांत भरली तर ताशी १,४४० लिटर. गोड्या पाण्याच्या टँकला तासाला त्याच्या आकाराच्या चार-पाच पट पाणी फिरलं की मला पुरेसं वाटतं. फार झालं तर पंपाच्या पुढच्या बाजूला व्हॉल्व्ह लावून आवळावं. ओढणाऱ्या तोंडाकडे कधीही नाही, त्याने पंप उपाशी राहतो आणि खरखरू लागतो.

३. लाइट जाते तेव्हा काय होतं, यावर सगळी मांडणी ठरते. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात इथे झाडं पडतात, तारा तुटतात, तेव्हा हा विचार आधीच झालेला बरा. पंप थांबला की दातांच्या वरचा थर खाली उतरतो. खरा धोका परतीच्या पाइपाचा. त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल, तर तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंडाला हवा लागेपर्यंत टँक उपसत राहतो.

९० बाय ४५ सेंटिमीटरच्या टँकमध्ये एक सेंटिमीटर उंचीचं पाणी म्हणजे सुमारे ४ लिटर. तोंड ५ सेंटिमीटर खोल असेल, तर २० लिटर खाली येणार. खालचा संप ६० बाय ३० चा असेल, तर त्यात एका सेंटिमीटरला १.८ लिटर मावतात, म्हणजे पातळी ११ सेंटिमीटर चढणार. दातांवरचं आणि पाइपांतलं पाणी आणखी वेगळं. तेवढी जागा रिकामी नसेल, तर खालच्या मजल्यावरच्या काकांच्या फॉल्स सीलिंगवर नकाशा उमटतो आणि मग पाण्याचा नाही, संबंधांचा तोल सांभाळावा लागतो.

पाइपाला पृष्ठभागाजवळ बारीक भोक पाडतात, म्हणजे त्यातून हवा शिरून सायफन तुटतो. उपाय चांगला आहे. पण बोअरच्या जड पाण्याने त्या भोकात पांढरा क्षार धरतो, कधी शेवाळ, कधी गोगलगाय. उलट पाणी अडवणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तेच, त्याच्या पडद्यात एक कण अडकला की कारभार संपला. म्हणून पाइपाचं तोंडच पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवावं. बाकी दोन्ही उपाय जोडीला असू द्यावेत, भरवशाला नकोत.

४. उलटा अपघातही मोजून ठेवावा. ओव्हरफ्लोच्या तोंडाशी पान अडकलं, खाली जाणं थांबलं, पण पंप चालूच. आता तो संपाचा शेवटचा, स्वतः ज्यात बसतो तो कप्पा कोरडा होईपर्यंत वर पाणी टाकत राहणार. तेवढं वर मावतं का? त्याच टँकमध्ये काठापर्यंत ३ सेंटिमीटर मोकळे असतील तर १२ लिटरची सोय आहे. शेवटचा कप्पा २० बाय ३० चा आणि त्यात पंपाला ओढता येईल असं १५ सेंटिमीटर पाणी असेल, तर ९ लिटर. निभावलं. संप म्हणजे जितका मोठा तितका चांगला असं दुकानदार सांगतात. ते खरंच आहे, पण शेवटचा कप्पा मात्र लहानच हवा.

५. खाली जाणाऱ्या एकुलत्या एका पाइपाला व्हॉल्व्ह लावून पाणी रोखू नये. या शहराचं एक आवडतं वाक्य आहे, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, म्हणजे जरा जुळवून घ्या. प्लंबरही तेच म्हणत चाकाला हात घालतो. पण इथली अ‍ॅडजस्टमेंट टिकत नाही. आज जुळवलेलं व्हॉल्व्ह उद्या पाणी गाळायची फिल्टर सॉक भरली, पंपात गाळ बसला, की जुळत नाही.

तरीही लोक तो मोह करतात, कारण एकाच पाइपात पाणी आणि हवा एकत्र उतरली की गुडगुड होते आणि ती रात्री दिवसापेक्षा मोठी ऐकू येते. त्यावर हर्बी पद्धत मला सर्वांत पटते. पाइप दोन घ्यायचे. पहिला पूर्ण पाण्याने भरून सायफनवर चालतो, त्याला गेट व्हॉल्व्ह. दुसरा थोडा उंच, त्याला काहीही नाही, तो संकटासाठी. पहिल्या पाइपाचं व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पंप सुरू करायचा आणि मग चाक हळूहळू आवळायचं. ओव्हरफ्लोच्या डब्यातलं पाणी चढत चढत दुसऱ्या पाइपात नुसती धार सांडू लागली की थांबायचं. प्रत्येक वेळी चाक फिरवल्यावर दहा-पंधरा मिनिटं वाट पाहावी. ज्याला घाई आहे, त्याला हे जमत नाही.

ती बारीक धार मुद्दाम ठेवायची असते, रोजचा चढउतार तीच गिळते. डब्यात पाणी थोडं चढलं, तर सायफनवरचा दाब वाढून तोही जरा जास्त ओढतो. बॉल व्हॉल्व्ह इथे निकामी, त्याची मूठ केसभर हलली तरी प्रवाह बराच बदलतो. आणि सायफनच्या पाइपाचं खालचं टोक संपातल्या पाण्यात दोनेक सेंटिमीटरच बुडवावं. खोल गेलं, तर लाइट परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरत नाही. तिसरा पाइप जोडून बीनअ‍ॅनिमल पद्धत करता येते. ती अधिक निर्धोक, पण काचेला तीन भोकं पाडायला माझं मन होत नाही.

६. बाष्पीभवन वर दिसत नाही. टँकमधलं २ लिटर पाणी उडालं, तरी वरची पातळी ओव्हरफ्लोने बांधलेली. सगळी घट संपाच्या शेवटच्या कप्प्यात, तीन सेंटिमीटरहून जास्त. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तिकडे रोज लक्ष हवं. भर घालताना मात्र वाटेल ते पाणी नको. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात. वरून बोअरचं जड पाणी ओतत गेलं, की ते वाढतच जातात. म्हणून भरीसाठी मी आरओचं पाणी घेतो. मार्च २०२४ च्या टंचाईत जलमंडळाने गाड्या धुवायला, बागेला, कारंज्यांना पिण्याचं पाणी वापरण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. तेव्हा टँकवर काच झाकणं हाच सर्वांत स्वस्त उपाय होता. पूर्ण बंद नाही, फट ठेवून. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात पाण्यात ऑक्सिजन मुंबईपेक्षा दहाएक टक्के कमी विरघळतो, त्यामुळे पृष्ठभागाला मोकळी हवा लागते.

७. हीटर शेवटच्या कप्प्यात ठेवू नये. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो लागतो, आणि पातळी नेमकी तिथेच खालीवर होते. उघडा पडून तापलेला हीटर पाणी लागताच तडकू शकतो. मधल्या कप्प्याची पातळी आडव्या काचेने पक्की केलेली असते, त्याची जागा तिथे.

८. पाहुणे यायच्या आधी नाही, आपण घरात निवांत असताना स्विच बंद करून पाहावं. एकदा अर्धा तास, सायफन तुटून सगळं पाणी खाली स्थिरावेपर्यंत. तिथे संपाच्या काचेवर मार्करने रेघ. एकदा फक्त दहा-पंधरा सेकंद, कारण इथल्या सोसायट्यांत लाइट गेल्यावर जनरेटर तेवढ्यातच सुरू होतो आणि पाणी अर्ध्या वाटेत असताना पंप पुन्हा उठतो. पंप चालू असतानाच्या पातळीची रेघ वेगळ्या, निळ्या रंगाने ओढावी. घरचे गावाला गेल्यावर टँकला पाणी घालायला येणाऱ्या मावशींना एवढंच सांगावं लागतं, की निळ्या रेघेच्या वर भरू नका.