बाबूला मारू नकोस

वैभववाडी

चि. सौ. बाय हिस,


आठवड्याच्या बाजारात तुमच्या भुईबावड्याच्या एकीने वहिनीला सांगितलं की बाबूने काजूवर फवारायच्या औषधाची बाटली तोंडाला लावली. दुसरी म्हणाली, नुसती हातात होती, बूच घट्ट होतं. कोणाचं खरं मानू? फोनवर तू रडत होतीस, मला धड विचारताही आलं नाही, म्हणून लिहायला बसले. वहिनीने आणखी एक सांगितलं, ते मला जास्त लागलं. तू त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणालीस म्हणे, "पुस्तकात दाखवलं होतं ना तुला!"

अगो, अडीच वर्षांचं पोर ते. तुझ्या चित्रांच्या पुस्तकातली बाटली काळी आणि तिच्यावर कवटी. तुमच्या पडवीतली बाटली नारंगी सरबताची, आत दुधासारखं पांढरं पाणी. गणपतीत तसल्याच बाटलीतलं सरबत तुम्ही त्याला पाजलंत. कवटी म्हणजे काय हे त्याला कसं कळावं? चित्रातली बाटली आणि इतकी वेगळी दिसणारी समोरची बाटली यांचं नातं या वयात सहजी जुळत नाही. ती बाटली भरली कोणी, खाली ठेवली कोणी? जावयांना माझा निरोप सांग, औषध त्याच्या मूळ डब्यातच राहू दे आणि डबा मांगरात, कुलपात. देव न करो, पण पोटात गेलंच तर बोटं घालून ओकायला लावू नका. रॉकेल असो की फवारणीचं, ओकताना ते फुप्फुसात उतरू शकतं. तोंड पुसा, डबा बरोबर घ्या, 108 ला फोन करा आणि तडक दवाखाना गाठा. घाटाखालच्या तुमच्या गावातून निघायला उशीर करून चालणार नाही.

पण मला खरी काळजी त्या धपाट्याची आहे. तुझे बाबा लहानपणी बावीत पडले, ते तू ऐकलंच आहेस. वर काढल्यावर आमच्या आईने त्यांना चिंचेच्या फोकाने मारलं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. त्यानंतर वर्षभराने त्यांना चपलेतला विंचू चावला आणि ते कोणाला बोलले नाहीत. मार बसेल म्हणून लाकडांच्या मागे जाऊन बसले. घाम सुटला, हातपाय गार पडले, तेव्हा कुठे घराला कळलं. आता महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे विंचवावर प्राझोसीन देतात, तेव्हा तेही नव्हतं. दादा वाचला, पण ती रात्र मी विसरले नाही. बाबूला मारलंस तर पुढच्या वेळी बाटली तोंडाला लावल्याचं तो लपवील. मग काय करशील?

पुस्तकं मात्र टाकू नकोस. माझा जन्म अंगणवाडीत गेला, चित्रांनी मुलं काय काय शिकतात ते मी पाहिलंय. हात धुणं, नाक पुसणं, चूळ भरून थुंकणं, शी आली की सांगणं, हे सगळं शिकतात. फक्त पान दाखवून थांबायचं नाही, तसंच त्याला उचलून मोरीवर न्यायचं. चित्रातला मुलगा हात चोळतो, तसे त्याचे हात तुझ्या हातात धरून चोळायचे. रोज. मी तुला पाठवलेलं माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' काढ. त्यात आई, बाबा, आजी, आजोबा आहेत, म्हणून ते मुलाला आपलं वाटतं. तुझ्या त्या चकचकीत पुस्तकात सिग्नल आहे, झेब्रा क्रॉसिंग आहे. भुईबावड्यात सिग्नल कुठला? तिथे बाव आहे, धारदार आडाळो आहे, चुलीतले निखारे आहेत, आणि दातांनी फोडली की तोंड भाजणारी ओली काजूची बी आहे. जुन्या वहीत हेच काढ. चपला घालण्याआधी झटकणारा बाबू काढ. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल, तो स्वतःला ओळखील. आणि चित्र दाखवताना त्यालाच बोलू दे. मांडीवर बसलेलं मूल जे सांगतं, ते दरडावून कधीच सांगणार नाही.

मुलाला त्याच्याच अंगणातल्या गोष्टींतून शिकवायचं, हे काही नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला लहान मुलांना शिकवण्याचं काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुलं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी. खडे, शिंपले, बिया हीच खेळणी. मला तिथे शिकायला जायचं होतं. तुझे आजोबा नको म्हणाले, त्यांचा स्वभाव तुला ठाऊकच आहे. मी एका शब्दाने हट्ट धरला नाही. अनुताई 1992 मध्ये गेल्या, ती बातमी वाचून मी मोरीत पाणी सोडून रडले होते. म्हणून तुला सांगते, तुझ्या घरात औषधाच्या डब्याला कुलूप हवं, हे तू सासऱ्यांसमोरही बोल. गप्प बसू नकोस.

फार बोलले का? रागावू नकोस. वहिनी म्हणते, तू रात्री तीनतीनदा उठून त्याच्या छातीवर हात ठेवून बघतेस. तू गोवराने फणफणली होतीस तेव्हा मीही तसंच बघायची. चूक एकट्या तुझी नाही गो. घरात एवढी माणसं, आणि पोरामागे धावणारी तू एकटी.

शनिवारच्या एसटीने येते, चार दिवस राहीन. गुडघे दुखले तरी बाबूमागे हळूहळू फिरेन, तू दुपारची दार लावून झोप. कुळथाचं पीठ दळून ठेवलंय, ते आणते. रंगीत खडूही आणते. आणखी काही हवं असेल तर फोन कर, रात्रीचा केलास तरी चालेल.

तुझी,
आत्या