कूलंट कमी झालं? आधी शोध, मग भर

बाळा, तुझ्या नव्या पिकअपच्या डबीतलं कूलंट खालच्या रेघेला टेकलंय आणि दुकानातून बाटली आणून वर भरून टाकू का, असं तू विचारलंस. थांब. कूलंट डिझेलसारखं जळून संपत नाही. बंद यंत्रणेत ते फिरत राहतं. पातळी उतरली म्हणजे ते कुठून तरी गेलं. कुठून गेलं हे न पाहता भरत राहिलास, तर आज शंभर रुपयांच्या क्लिपवर भागणारं काम उद्या हेड उतरवण्यापर्यंत जाईल. मी आयुष्यभर आग्रा रोडवर गाड्या चालवल्या आणि मिस्त्रींच्या शेजारी उकिडवा बसून जे शिकलो, ते तुला क्रमाने सांगतो.

पातळी बघायची ती पहाटे

गाडी रात्रभर उभी राहिलेली, जमीन सपाट, इंजिन गार. तेव्हाच डबीवरच्या दोन रेघांकडे बघ. गरम इंजिनात कूलंट फुगतं आणि पातळी वर दिसते. दुपारी मंडीतून माल भरून आल्यावर पाहिलेली पातळी धरायची नाही. डबीवर मार्करने आजच्या पातळीची बारीक खूण कर, शेजारी तारीख लिही आणि किलोमीटर वहीत टाक. आठ दिवसांनी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा बघ. खूण हलली नाही तर प्रश्न मिटला. अगदी नव्या गाडीत आत अडकलेली हवा सुटते आणि सुरुवातीला पातळी एकदा थोडी बसते. ते चालतं. पण एकदा भरल्यावर पुन्हा उतरली, तर गळती आहे असंच धरून चाल.

काट्यावर विसंबू नको

पुष्कळ नव्या गाड्यांत तापमानाचा काटा बराच वेळ मधोमधच राहील, अशी आखणी असते. तो हलेपर्यंत गाडी चांगलीच तापलेली असते. त्यातून कूलंट फार उतरलं, तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत लोंबतो आणि काटा उलट खाली दाखवतो. म्हणून काटा एकदम वर-खाली नाचू लागला, तर मीटर बिघडलं म्हणून सोडून देऊ नकोस. दुसरी परीक्षा हीटरची. इंजिन तापलेलं असताना हीटर लाव. वारा कधी गरम, कधी गार येत असेल, किंवा डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल, तर आत हवा शिरली आहे. उन्हाळ्यात हीटर कोण लावतो, म्हणशील. महिन्यातून एकदा पहाटे, दोन मिनिटं, एवढ्या परीक्षेपुरता लाव.

डबी भरलेली, तरी रेडिएटर रिकामा असू शकतो

काही गाड्यांत डबीवरच दाबाचं झाकण असतं. काहींत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि डबी नुसती साठवणीची. तुझी कोणती, ते आधी पुस्तकात बघून घे. दुसऱ्या प्रकारात इंजिन गार होताना रेडिएटर डबीतलं कूलंट परत ओढून घेतो. झाकणातली उलटी झडप चिकटली किंवा मधली नळी चिरली, तर ते ओढलं जात नाही. डबी भरलेली दिसते आणि रेडिएटर वरून कोरडा. म्हणून इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत डोकाव. कूलंट गळ्यापर्यंत दिसायला हवं.

पहिला संशय झाकणावर

हे झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे उकळण्याचा बिंदू वर जातो. आपलं उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आहे, इथे उघडं साधं पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि वर एक बारच्या आसपास दाब, असं असलं की तेच मिश्रण सव्वाशे अंशांच्या पुढेपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर कुठेही भोक नसताना कूलंट उकळून बाहेर पडतं. रबराला चिरा असतील तर झाकण बदल. बदलताना त्यावर कोरलेला दाबाचा आकडा जुळवून घे, नुसतं बसतं म्हणून दुसरं लावू नकोस.

रात्री पुठ्ठा, सकाळी डाग

गाडी लावताना इंजिनाखाली मोठा पांढरा पुठ्ठा सरकव. सकाळी डाग वाच. बिनरंगाचं, बिनवासाचं पाणी असेल तर ते एसीचं, त्याची चिंता नको. बोटाला बुळबुळीत, काळपट लागलं तर तेल. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, चिकट आणि गोडसर वासाचा डाग असेल, तर तो आपला चोर. डाग पुठ्ठ्यावर जिथे पडला, त्याच्या वरून शोध सुरू कर. मात्र गळती नेहमी डागाच्या अगदी वर नसते, थेंब पत्र्यावरून ओघळत लांब जातो.

मग टॉर्च घे आणि या जागा बघ. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असतं. त्यातून रंगीत ओघळ सुकलेला दिसला तर पंपाचं सील गेलं. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी जिथे दुमडून जोडलेली असते, ती कड बघ, तिथे पांढरट-हिरवट खार जमतो. प्रत्येक होज क्लिपपाशी दाबून बघ. शेवटी केबिनमध्ये ये. क्लीनरच्या पायाखालची चटई ओली आहे का, काचेवर आतून तेलकट वाफ धरते का, ते बघ. धरत असेल तर हीटरची जाळी गळते आहे.

हे करूनही सापडलं नाही, तर मिस्त्रीकडे हातपंपाचं प्रेशर टेस्टर असतं. थंड गाडीवर झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरून दहा मिनिटं काटा बघायचा. तो उतरला तर गळती आहे आणि दाबामुळे थेंब समोर दिसतो. आपल्या गाडीची काही गळती भारावरच उघडी पडते. इथून लसूण-कांदा भरून धुळ्याला उतरलास की जाताना घाट उताराचा. खरी परीक्षा परतीला, शिरपूर सोडल्यावर बिजासन घाट आणि नर्मदा ओलांडून खलघाटहून मानपूरकडे चढताना. चढ संपल्यावर सुरक्षित जागी गाडी लावून खाली बघायची सवय ठेव.

बाहेर थेंब नाही, तरी पातळी उतरते

मग ते आत जातं आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले. ते पाळणाऱ्या आजकालच्या डिझेल गाड्यांत धुराचा काही भाग गार करून परत इंजिनात सोडणारा ईजीआर कूलर असतो, त्यातूनही कूलंट फिरतं. त्याला चीर गेली की कूलंट थेट धुरात जातं आणि पुठ्ठा कोरडा राहतो. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून निघणारी वाफ गाडी तापल्यावर जाते, तिला घाबरायचं नाही. गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर तो धोका.

दुसरी जागा हेड गॅसकेट. इंजिन गार असताना झाकण उघडून गाडी चालू कर आणि गळ्यातल्या पाण्यात बघ. अडकलेल्या हवेचे बुडबुडे थोड्या वेळाने थांबतात. न थांबता येत राहिले तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. सकाळी चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा ताठ झाला, तरी तोच संशय. तेलाच्या झाकणाखाली किंवा डीपस्टिकवर दुधाळ, कॉफीच्या रंगाचा साका दिसला तर गाडी अजिबात चालू करू नकोस, टो करून ने. मिस्त्रीकडे निळं रसायन असतं. कूलंटमध्ये धुराचा वायू असेल तर ते रंग बदलतं. हेड उघडायला सांगण्याआधी ही चाचणी करून घे.

पातळी बरोबर, तरी गाडी तापते

तेव्हा गळती शोधत बसू नकोस. मार्च-एप्रिलात गहू, ऑक्टोबरात सोयाबीन, चिमणगंज मंडीत भुसा उडत असतो. तो रेडिएटर आणि एसीच्या जाळीच्या मधे गच्च बसतो. इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला हळू पाणी मारून काढ. जोराच्या प्रेशर पंपाने पात्या वाकतात.

काय भरायचं

माळव्याची बोअर काळ्या खडकातली, पाणी जड. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत त्याचा पांढरा थर बसतो. भरायचं ते डिस्टिल्ड पाणी आणि पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचं कूलंट, किंवा आधीच मिसळलेलं तयार. रंग बघून कूलंट विकत घेऊ नकोस. दोन कंपन्यांचा एकच रंग दोन वेगळ्या रसायनांचा असू शकतो, मिसळून गाळ होतो. बॉनेटखालच्या टाक्यांत घोटाळा नको. डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करायच्या द्रावणाची, टाकी असेल तर तिचं निळं झाकण वेगळं ओळखून ठेव. कूलंट तिथे आणि डीईएफ कूलंटमध्ये, दोन्ही महागात पडतं.

रस्त्यात अडलास आणि दुसरं काही मिळालं नाही, तर बाटलीतलं पिण्याचं पाणी टाकून गाव गाठ, पण नंतर पूर्ण बदलून घे.

तापलीच तर

काटा वर चढू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, भार कमी करून कडेला घे. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला, तर इंजिन लगेच बंद. झाकणाला हात लावायचा नाही. आतलं शंभर अंशांवरचं पाणी दाब सुटताच तोंडावर येतं. वरचा होज मुठीत आरामात धरवेल इतका गार झाल्यावरच, जाड फडकं ठेवून, पहिल्या खाचेपर्यंत फिरव. दाब निघू दे, मग काढ. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलंस, तर हेड चिरतं. तासभर थांब. उशीर झाला तर व्यापारी रागावेल, पण तोंड भाजलं तर जन्मभराचं दुखणं.

जुने उपाय जुन्या गाड्यांना

आमच्या काळी रेडिएटर गळला तर मूठभर हळद टाकून गाव गाठायचो. त्या रेडिएटरच्या नळ्या रुंद होत्या. तुझ्या गाडीच्या नळ्या अरुंद आहेत, हळद असो वा गळती बंद करायची पूड, ती भोकाआधी नळी आणि हीटर बुजवते. कोणी म्हणेल, थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी गार राहील. ऐकू नकोस. इंजिन नीट तापलं नाही तर डिझेल जास्त लागतं, धूर गाळणारी जाळी (डीपीएफ) साफ होत नाही आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा पेटतो.

वॉरंटीत असताना लिहून घे

स्वतः काही खोलू नकोस. तारीख, किलोमीटर, पातळी आणि पुठ्ठ्यावरच्या डागाचा फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. जॉब कार्डवर ‘कूलंट कमी होते, गळती तपासावी’ असं स्पष्ट लिहवून घे आणि प्रत ठेव. नुसतं वर भरून गाडी परत दिली, तर प्रेशर टेस्ट केली का ते विचार आणि त्याची नोंद माग. ही तक्रार पहिल्याच वर्षात कागदावर असली, तर पुढे तिला आधार असतो.

सांडलेलं तसंच सोडू नको

यातलं एथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. आपल्या गल्लीत गायी, वासरं, कुत्री मोकळी फिरतात, घरात लहान मूल आहे. थोडंसं चाटलं तरी मूत्रपिंड जाऊ शकतं. काढलेलं कूलंट नाल्यात ओतू नकोस, नाला शेवटी क्षिप्रेला जातो. झाकणाच्या डब्यात भरून, वर ‘विष’ लिहून, सर्व्हिस सेंटरला दे. सांडलं तर माती किंवा भुसा टाकून उचल आणि जागा पाण्याने धू.

२०२८चा सिंहस्थ आला की ऐन उन्हात शहराच्या रस्त्यांवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतील. वाऱ्याचा आधार नसेल, सगळा भार फॅन आणि कूलंटवर येईल. त्याच्या आधी ही गाडी तुला आतून-बाहेरून ओळखीची झाली पाहिजे. उद्या पहाटे डबीवर पहिली खूण कर.