मनाचा दवाखाना किती दूर?



ताप आला की आपण लगेच दवाखाना गाठतो. पण घरातले माणूस महिनोन्महिने झोपत नाही, बोलत नाही, उगीच संशय घेते, तेव्हा हा आजार आहे हेच ध्यानात येत नाही. आले तरी प्रश्न उरतोच : जायचे कुठे व खर्च कोणी करायचा?

या प्रश्नावर देशाला वाट दाखवली ती आपल्याच कर्नाटकाने. १९८० च्या दशकात बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना मनाच्या आजारांचे प्रशिक्षण दिले आणि औषधे तिथेच ठेवली. यातले मर्म असे की हे औषध चार दिवसांचे नसते. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे घ्यावे लागते. शहरात जायचे तर रोगी व सोबती अशा दोघांचे भाडे लागते, शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडते. दोन-तीन खेपांनंतर गोळ्या बंद होतात व आजार उलटतो. लोक मग म्हणतात, औषधाला गुण नाही!

हाच नमुना घेऊन १९९६ मध्ये केंद्र सरकारने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. बाराव्या पंचवार्षिक योजनेत (२०१२–१७) एका जिल्ह्यासाठी वर्षाला ८३.२ लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. २०११ च्या जनगणनेत बीदर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाख. मुलांनो, भागाकार करून पाहा. माणशी पाच रुपयेसुद्धा येत नाहीत.

तरी जे आहे ते वापरले पाहिजे. २०१४ पासून राज्याच्या मनोचैतन्य योजनेत ठरावीक मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी होते. २०१७ च्या कायद्याने सरकारी खर्चाचे मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ते मोफत आहेत, जवळ कार्ड नसले तरी. विमा कंपन्यांनाही शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाचा आजार धरावा लागतो.

आपल्या सीमाभागात भाषेचीही अडचण असते. मनातले दुःख परक्या भाषेत कसे सांगणार? ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू आहे. त्यात मराठीही निवडता येते. परीक्षेच्या भीतीने झोप उडाली असेल तर विद्यार्थ्यांनीही न लाजता फोन करावा.

विश्वस्त मंडळींना विनंती : औरादच्या तालुका रुग्णालयातून मंगळवारच्या तारखा मागवून शाळेच्या फलकावर मराठी व कन्नडमध्ये लावू. महिन्यातून एकदा संतपूरहून रोग्यांसाठी गाडीची व्यवस्था होईल का, हा विषय पुढील बैठकीत घ्यावा.

— मुख्याध्यापक