वेगवान लाइन आणि बफरचे माप



टीसीपीच्या प्रत्येक कनेक्शनला दोन्ही टोकांना बफर लागतो. पाठवणाऱ्याकडच्या बफरमध्ये रवाना झालेला पण पोच न आलेला डेटा राखून ठेवलेला असतो, कारण वाटेत पॅकेट हरवले तर ते पुन्हा पाठवावे लागते. घेणाऱ्याकडच्या बफरमध्ये येऊन पडलेला पण प्रोग्रामने अजून न उचललेला डेटा असतो. किती जागा शिल्लक आहे हे घेणारा प्रत्येक पोचेबरोबर कळवतो. या आकड्याला रिसीव्ह विंडो म्हणतात, आणि त्याहून जास्त डेटा एका वेळी वाटेवर सोडायची परवानगी नसते. लाइन कितीही जाड घेतली तरी एका फेरीत, म्हणजे डेटा जाऊन पोच परत येईपर्यंत, एका विंडोइतकाच माल जातो तो यामुळे.

बफर किती हवा याचा हिशोब एका गुणाकाराचा आहे: लाइनचा वेग गुणिले फेरीचा वेळ. नदीवरून शेतापर्यंत पाइपलाइन टाकली की तिच्या पोटात किती पाणी मावते हे जाडी आणि लांबी या दोन्हींवर ठरते, तसेच हे. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद निसर्गनियमानेच गेले. केबलची वळणे आणि मधली उपकरणे धरून २०० मिलिसेकंद हा व्यवहार्य आकडा. १ गिगाबिटच्या लाइनवर एवढ्या वेळात २५ मेगाबाइट डेटा वाटेवर असतो. त्याच लाइनने शेजारच्या खोलीतल्या यंत्राशी बोलायचे, तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या फेरीला ६२ किलोबाइट पुरतात. ऑफिसात चाचणी उत्तम येते आणि परदेशातल्या सर्व्हरशी तीच यंत्रे रखडतात, याचे कोडे बऱ्याचदा इथेच सुटते.

टीसीपीच्या मूळ रचनेत विंडोसाठी १६ बिट होते, म्हणून कमाल मर्यादा ६५,५३५ बाइट. २०० मिलिसेकंदांच्या फेरीत एवढ्यावर २.६ मेगाबिटच्या पुढे जाताच येत नाही. १९९२ च्या आरएफसी १३२३ ने विंडो स्केलिंग आणले आणि मर्यादा सुमारे १ गिगाबाइटपर्यंत नेली. त्यानंतर बफर हाताने ठरवण्याचा काळही मागे पडला. लिनक्समध्ये २.६ मालिकेपासून आणि विंडोजमध्ये व्हिस्टापासून घेणाऱ्या बाजूचा बफर कनेक्शनच्या गरजेप्रमाणे आपोआप वाढतो. एक्सपीच्या जमान्यातले रजिस्ट्रीचे तोडगे आजच्या विंडोजवर लावण्यात अर्थ नाही. तिथे ऑटो-ट्यूनिंग ‘नॉर्मल’वर आहे एवढे पाहिले की काम झाले.

लिनक्सवर मात्र ही आपोआप वाढ एका कमाल मर्यादेशी थांबते, आणि प्रश्न आहे तो त्या मर्यादेचा. घेणाऱ्या बाजूच्या टीसीपी_आरमेम या सेटिंगमध्ये किमान, सुरुवातीचा आणि कमाल असे तीन आकडे असतात. कमाल आकडा बरीच वर्षे ६२,९१,४५६ बाइट, म्हणजे ६ मेगाबाइट राहिला. पाठवणाऱ्या बाजूच्या टीसीपी_डब्ल्यूमेमचा ४ मेगाबाइट. नव्या कर्नलमध्ये आकडे बदलले असू शकतात, म्हणून पुस्तकातला नव्हे, यंत्रावरचा आकडा वाचावा. शिवाय बफरची सगळी जागा डेटाला मिळत नाही. पॅकेटच्या नोंदींचा खर्च वजा जाता निम्मी विंडो धरणे शहाणपणाचे. ६ मेगाबाइटची झाली ३, आणि न्यूयॉर्कच्या वाटेवर एका कनेक्शनला मिळाले जेमतेम १२० मेगाबिट. ब्राउझर एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडतो, म्हणून ही उणीव तिथे झाकली जाते. बॅकअपसारख्या एकाच लांब प्रवाहात ती उघडी पडते.

तरीही आकड्याला हात लावण्यापूर्वी दोष बफरचाच आहे याची खात्री करावी. वेग मोजणारे आयपर्फ चालू ठेवून पाठवणाऱ्या यंत्रावर एसएस ही आज्ञा तपशिलासह द्यावी. तिच्या उत्तरात ‘आरडब्ल्यूएनडी-लिमिटेड’चा वाटा मोठा दिसला तर अडचण घेणाऱ्याच्या बफरची, ‘एसएनडीबफ-लिमिटेड’चा मोठा दिसला तर पाठवणाऱ्याच्या. दोन्ही नसून पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा चढत असेल, तर वाटेत गळती आहे. मग बफर दहापट केला तरी वेग वाढणार नाही. केबल, वाय-फाय किंवा सेवा देणाऱ्याची लाइन तपासावी लागते. नव्या प्रशासकांचा बहुतेक वेळ ही पायरी गाळल्याने वाया जातो.

दोष बफरचाच निघाला तर फक्त तिसरा आकडा वाढवावा. २५ मेगाबाइटच्या गरजेला, निम्मा खर्च धरून, ६४ मेगाबाइट म्हणजे ६,७१,०८,८६४ पुरे. पाठवणाऱ्या यंत्रावर डब्ल्यूमेमचा आणि घेणाऱ्यावर आरमेमचा. एकाच टोकाला वाढवून भागत नाही. पहिले दोन आकडे जसेच्या तसे राहू द्यावेत. टीसीपी_मेम हे भावंड तर दूरच ठेवावे: ते बाइटमध्ये नसून मेमरीच्या पानांत मोजले जाते, आणि बाइट समजून लिहिलेला आकडा ४,०९६ पट ठरतो. तयार ‘वेग वाढवा’ यादी डोळे मिटून उतरवणे त्याहून घातक. अशा याद्यांतून वर्षानुवर्षे फिरलेल्या टीडब्ल्यू_रिसायकलने एकाच राउटरमागच्या ग्राहकांची कनेक्शने तोडली, आणि २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मधून ते सेटिंगच काढून टाकावे लागले.

प्रोग्रामने स्वतःच बफरचे माप मागितले, तर त्या कनेक्शनची आपोआप वाढ बंद होते आणि मागणीला आरमेम_मॅक्स या वेगळ्या सेटिंगची, जुन्या कर्नलवर बहुधा २,१२,९९२ बाइटची, कात्री लागते. मदत म्हणून लिहिलेली ओळ अशी उलटते. ती काढून टाकणे हाच बहुधा उत्तम उपाय. यूडीपीला मात्र आपोआप वाढ मुळातच नाही. बफर भरला की पुढची पॅकेटे मुकाट्याने टाकली जातात, आणि एचटीटीपी-३ ज्यावर चालते तो क्विक यूडीपीवरच उभा आहे. अशा सर्व्हरवर ‘रिसीव्ह-बफर एरर’चा आकडा वाढत असेल तर आरमेम_मॅक्स काही मेगाबाइटपर्यंत नेणे योग्य. प्रोग्रामनेही तेवढी जागा मागायला हवी, हे विसरू नये.

राउटरमधल्या रांगांचे बफर ही निराळी गोष्ट. ते मोठे केले की पॅकेटे हरवण्याऐवजी ताटकळत राहतात. जिम गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ केले, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल ही रांग आवरण्याची पद्धत मांडली. ओळखायचे असेल तर पिंग चालू ठेवून मोठी फाइल अपलोड करावी. एरवी २० मिलिसेकंद येणारा आकडा कित्येक शेकड्यांत गेला, तर राउटरवर एफक्यू-कोडेल चालू करावे आणि अपलोडची मर्यादा लाइनच्या वेगापेक्षा थोडी खाली बांधावी. सर्व्हरवरचे आकडे त्यासाठी हलवू नयेत.

तुझा,
मामा