व्हॉलीबॉल शिकताय? आधी नीट खाली उतरायला शिका

भाताची झोडणी उरकली की मढ, करंजाळे, तळेरान, खिरेश्वर या पट्ट्यात रिकाम्या खाचरांत बांबू उभे राहतात आणि नेट ताणलं जातं. शाळेतली मुलं, पोलीस भरतीची तयारी करणारे, मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी, सगळेच उतरतात. मग दवाखान्यातली दुखणीही बदलतात. सर्दी-खोकल्याच्या रांगेत सुजलेले घोटे, शेंड्याला वाकलेली बोटं आणि पायऱ्या उतरताना कळ मारणारे गुडघे येऊन बसतात. त्यातल्या बहुतेकांना विचारायचं असतं एकच, “डॉक्टर, स्मॅश कधी जमेल?”

सगळ्यात शेवटी जमेल. व्हॉलीबॉल दिसतो हातांचा खेळ, पण नवशिक्याचा खेळ सुधारतो तो पायांनी, आणि मोठी दुखापत होते तीही बहुधा पायालाच. बॉलखाली वेळेत पोचता आलं आणि उडी मारल्यावर नीट खाली येता आलं, की हातांचं काम निम्मं सोपं होतं. हे सगळं नव्याने खेळायला लागलेल्यांसाठी आहे. जिल्ह्याच्या संघात खेळणाऱ्यांनी पान उलटलं तरी चालेल.

वय झालं म्हणून कडेला बसणाऱ्यांनीही वाचावं. १८९५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ काढला तोच मुळी बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या वयस्क व्यापारी मंडळींसाठी. तेव्हा चाळिशीतल्या गुरुजींनी जरूर खेळावं. फक्त रक्तदाब आणि साखर आधी तपासून घ्यावी, आणि चालताना छातीत जड वाटत असेल तर मैदानाआधी दवाखान्यात यावं.

पहिली गोष्ट जागेची. कापणी झालेलं खाचर लांबून सपाट दिसतं. जवळून पाहा, म्हणजे भाताची धसकटं, वाळून पडलेल्या भेगा आणि कडेला बांध दिसेल. व्हॉलीबॉलचं मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. त्याच्या चारही बाजूंना आणखी तीन मीटर तरी मोकळी जागा हवी, कारण बॉलकडे पाहत मागे सरकणाऱ्याला बांध दिसत नाही. धसकटं कुदळीने काढा, भेगा माती घालून चोपा, पाणी मारून एक दिवस जाऊ द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. टणक मुरमावर खेळत असाल तर उड्या कमी ठेवा, आणि अनवाणी खेळू नका. खरचटलेल्या जखमेत शेणामातीचा कण गेला की धनुर्वाताचा प्रश्न येतो. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर घेऊन टाका.

दुसरी गोष्ट बॉलची. पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर लावून भरलेला बॉल दगडासारखा लागतो. व्हॉलीबॉलमध्ये हवेचा दाब साडेचार पीएसआयच्या आसपासच लागतो; सायकलच्या टायरमध्ये याच्या कितीतरी पट असतो. अंगठ्याने दाबल्यावर बॉल थोडा आत गेला पाहिजे. वजन २६० ते २८० ग्रॅम असलं तरी जास्त फुगलेला बॉल नवशिक्याच्या हाताला बसतो, मग पोरं हात मागे घेतात, आणि एकदा ही सवय लागली की मोडायला महिने जातात.

आता अंडरहँड. दोन्ही हात जुळवा, अंगठे शेजारीशेजारी, कोपरं सरळ. बॉल मुठीवर घ्यायचा नाही, मनगटाच्या वर चार बोटांवर, हाताच्या सपाट भागावर घ्यायचा. गावात शूटिंग व्हॉलीबॉल खेळून आलेल्यांना मुठी मारायची खोड असते, ती इथे उपयोगाची नाही. आणि खाली वाकायचं ते लावणीला वाकतो तसं कमरेतून नाही, गुडघ्यांतून. कमरेतून वाकून खेळणारा आठवड्याभरात पाठ धरून येतो, शिवाय त्याचा बॉल पुढे जाण्याऐवजी डोक्यावरून मागे उडतो. हात फिरवून बॉल मारू नका. हात स्थिर ठेवा आणि गुडघे सरळ करत उठा, बॉल आपोआप वर जातो.

पहिले दोन आठवडे यासाठी नेटचीही गरज नाही. शाळेची भिंत पुरे. पावसाळ्यात माळशेजच्या या अंगाला मैदानावर पाय ठेवता येत नाही, तेव्हाही व्हरांड्यातली भिंत असतेच. रोज वीस मिनिटं भिंतीवर बॉल खेळवा. प्रत्येक वेळी पाय हलवून बॉलसमोर जा, हात लांबवून बॉल गाठू नका. हातावर लाल ठिपके उठतील. घाबरू नका, चार-पाच दिवसांत जातात. मात्र हलक्या माराने मोठे काळेनिळे डाग पडत असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर तो बॉलचा दोष नाही. रक्त तपासून घ्या.

सर्व्हिसही सुरुवातीला खालूनच करा. वरून सर्व्हिस मारताना खांद्याला जो झटका बसतो तो सहन करायला खांद्याचे आणि पाठीचे स्नायू आधी तयार व्हावे लागतात. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा कोपर खाली राहतंय, किंवा बॉल डोक्याच्या मागे गेल्यावर तुम्ही तो मारताय. बॉल किंचित पुढे फेका आणि कोपर कानाच्या उंचीवर घेऊन हात फिरवा. जोर कमरेच्या वळणातून येऊ द्या.

आता उडी. नवशिके वर जाण्याचा सराव करतात, खाली येण्याचा करत नाहीत. एका पायावर, गुडघा ताठ ठेवून उतरलात की तुमच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका गुडघ्यावर पडतो. दोन्ही पायांवर उतरा. आधी चवडे, मग टाचा, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत. मुलींनी आणि वाढीच्या वयातल्या मुलांनी हे आणखी जपावं, कारण त्यांचे गुडघे उतरताना आत एकमेकांकडे झुकतात आणि त्यातूनच गुडघ्याच्या आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटते. मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढा. गुडघे आत पडतायत की नाही ते डॉक्टरांशिवायही दिसेल. उतरताना आवाज किती होतो तेही ऐका. धप्प आवाज येत असेल तर गुडघे वाकत नाहीयेत.

बॉल नसताना नेटसमोर तीन पावलांची धाव घ्या. उजव्या हाताने मारणाऱ्यांनी डावं, उजवं, डावं, मग दोन्ही पायांनी उडी आणि दोन्ही पायांवर उतरणं. एवढंच पुन्हा पुन्हा. स्मॅशचं अर्धं शिक्षण यातच आहे. माझा हिशेब असा: पहिला महिना एका दिवसात तीस-चाळीस उड्यांवर जाऊ नका, आणि आठवड्यातून तीनच दिवस उड्यांचे ठेवा. मधल्या दिवशी भिंत, सर्व्हिस, अंडरहँड. भरतीवाले सकाळी डांबरी रस्त्यावर धावतात आणि संध्याकाळी पुन्हा उड्या मारतात. त्यांच्या गुडघ्याच्या वाटीखाली, बोटाने दाबल्यावर, नेमक्या एका जागी दुखतं. याला उडी मारणाऱ्यांचा गुडघाच म्हणतात. अव्वल दर्जाच्या पुरुष व्हॉलीबॉलपटूंमध्ये तो सुमारे ४५ टक्के जणांना आढळल्याचं नॉर्वेतल्या डॉक्टरांनी दाखवलं आहे. त्यावर इंजेक्शन मागू नका. उड्या निम्म्यावर आणा आणि मांडीचा व्यायाम वाढवा. भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं हा सोपा आणि चांगला व्यायाम आहे. बरं व्हायला आठवडे लागतात, हे आधीच सांगून ठेवतो. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली हाडाचा दुखरा उंचवटा आला असेल तर तो बहुतेकदा वाढीचा भाग असतो, पण एकदा दाखवून जा.

नेटखालची जागा सगळ्यात धोक्याची. स्मॅश मारणारा पुढे झेपावतो, समोरचा ब्लॉकला उडी मारतो, आणि एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडतो. घोटा आतल्या बाजूला वळतो आणि बाहेरची दोरी ताणली जाते. मधल्या रेषेपलीकडे अख्खं पाऊल गेलं तर फाउल असतो. गावच्या खेळात तो फारसा कोणी पकडत नाही, पण पकडायला हवा. नॉर्वेत १९९०च्या दशकात खेळाडूंना उडी आणि उतरणं नीट शिकवलं आणि तोल सांभाळायचा व्यायाम दिला, तेव्हा घोटा मुरगळण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. तो व्यायाम घरी करता येतो. एका पायावर तीस सेकंद उभे राहा, मग डोळे मिटून, मग त्याच पायावर उभं राहून मित्राने टाकलेला बॉल झेला. दात घासतानाही जमतं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, म्हणून तशांनी तर हे रोज करावं.

डिसेंबरात इथे पहाटे चांगलीच थंडी असते. अंग थंड असताना उड्या नकोत. दहा मिनिटं हळू धावा, बाजूने पावलं टाका, हात फिरवा, छोट्या उड्या मारा. जागच्या जागी उभं राहून अंग ताणणं खेळानंतर करा.

बोटांसाठी एकच सूचना खेळाआधीची: अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, नखं कापा. नेटच्या दोरीत अंगठी अडकून बोटाची कातडी सोलून निघू शकते. डोक्यावरून पास देताना बोटं पसरून, किंचित वाकवून, कपाळाच्या वर बॉल घ्या. सरळ बोट बॉलला आपटलं की शेंड्याचा सांधा खाली लोंबतो आणि स्वतःहून वर उचलता येत नाही. दुखत फारसं नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. या बोटाला सहा ते आठ आठवडे सरळ पट्टी लागते, रात्रंदिवस. मध्ये एकदा जरी ते वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. कोणी बोट ओढून “बसवतो” म्हणालं तर हात पुढे करू नका.

घोटा मुरगळला तर लगेच खेळ थांबवा. कोल्ड्रिंकच्या दुकानातला बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस चोळणं नको, गरम हळद-मिठाचा लेपही नको. दोन्हींनी सूज वाढते. एक्स-रे कधी काढायचा? दुखापतीनंतर चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबल्यावर कळ आली, तर काढाच. मुलांच्या बाबतीत तर मुरगळलंय म्हणून थांबूच नका. वाढीच्या वयात दोरीपेक्षा हाडाच्या टोकाजवळचा वाढीचा भाग नाजूक असतो, आधी तोच मोडतो. मैदानात परत कधी? दुखऱ्या पायावर दहा लंगड्या उड्या न दुखता मारता आल्या की.

मुलींच्या पालकांना वेगळं सांगतो. मुलगी दोन सर्व्हिसनंतर दमते, चेहरा फिकट दिसतो, तर तिला “अंगात जोर नाही” म्हणून घरी बसवू नका, हिमोग्लोबिन तपासा. पंधरा वर्षांवरच्या मुलीचं १२ च्या खाली नसावं. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नाही. पाळीच्या दिवसांत खेळायला वैद्यकीय आडकाठी काहीच नाही. प्रोटीनच्या डब्यांवर पैसे घालवू नका. नाचणीची भाकरी, मटकी, शेंगदाणे, अंडी यांवर नवशिक्याचं भागतं. नेटही मुलांसाठी खाली उतरवा. मोठ्या पुरुषांचं २.४३ मीटर आणि बायकांचं २.२४ मीटर असतं. बारा वर्षांच्या पोराने त्यावर उड्या मारायच्या म्हणजे खांदा आणि पाठ दोन्हींची खराबी.

आणि अंधार पडायच्या आत खेळ आवरा. जुन्नर तालुक्यातल्या वाचकाला बिबट्याबद्दल सांगायची गरज नाही, पण गवतात गेलेला बॉल काढताना लोक विसरतात ते साप. हात घालण्याआधी काठीने गवत हलवा, बॅटरी जवळ ठेवा. साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं काही करू नका, अवयव हलवू नका, १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

यंदा ज्या मंडळांनी स्पर्धा ठेवल्या आहेत त्यांना विनंती: मैदानावर बर्फाचा डबा, दोन क्रेप बँडेज आणि पिण्याचं पाणी ठेवा, मधली रेषा फक्कीने ठळक मारा, आणि पंचांना पहिल्या सामन्यापासून रेषेचा फाउल द्यायला सांगा.